त्वचा आणि शरीर लवकर म्हातारं होऊ नये म्हणून कुठून सुरुवात करावी

सुरकुत्या आणि डागांवर उपाय शोधायला निघालेली माणसं बहुतेक वेळा आधी महागड्या सीरमपाशी पोहोचतात आणि शेवटी छत्रीपाशी. हा क्रम उलटा व्हावा, एवढ्यासाठी हे लिहिते आहे. तिशी-चाळिशीत पहिल्यांदाच या विषयाकडे वळलेल्यांनी आधी काय करावं, नंतर काय करावं आणि कशावर पैसे घालवूच नयेत, ते ओळीने सांगते.

आधी स्वतःचा दंड पाहा

चांगल्या उजेडात उभ्या राहा, उभे राहा. दंडाच्या आतल्या बाजूची, काखेजवळची त्वचा नीट पाहा आणि लगेच पंजाची मागची बाजू पाहा. दोन्हींचं वय एकच, आईवडिलांकडून आलेला वारसा एकच. तरी आतली त्वचा मऊ आणि एकसारख्या रंगाची दिसते, तर बाहेरची काळवंडलेली, कोरडी, बारीक चुण्या पडलेली. हा फरक वयाचा नाही, मुख्यतः उन्हाचा आहे.

२०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं तो मालाचा ट्रक चालवत होता. तिकडे चालक डावीकडे बसतो, त्यामुळे त्याचा डावा गाल सतत खिडकीकडे. फोटोत त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू जाड, लोंबलेली, खोल सुरकुत्यांची दिसते आणि उजवी त्याहून कितीतरी तरुण. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं. रोज गाडी चालवत असाल, तर उजवा गाल आणि उजवा हात आरशात एकदा तपासा.

म्हातारपण येतं कुठून

एक भाग आतून येतो आणि तो आपण थांबवू शकत नाही. पेशी अमर्याद वेळा विभागत राहत नाहीत, हे लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवलं. दर विभाजनागणिक गुणसूत्रांची टोकं, म्हणजे टेलोमिअर, थोडी झिजतात. टेलोमिअर आणि त्यांची डागडुजी करणाऱ्या विकरावरच्या (एन्झाइमवरच्या) संशोधनाला २००९ चं नोबेल मिळालं. त्याच जोडीला त्वचेतलं कोलॅजन विशीनंतर वर्षाला साधारण एक टक्क्याने कमी होत जातं. कोलॅजन आणि इलॅस्टिन हे त्वचेच्या आतल्या थरातले धागे. बाजेची सुतळी सैल पडली की बाज जशी मधोमध खोल जाते, तसं गालांचं आणि हनुवटीखालच्या त्वचेचं होतं.

बायकांनी इथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरतं आणि पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं जवळपास ३० टक्के कोलॅजन जातं. हाडांचीही झीज याच काळात वेग घेते. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते, पाश्चात्त्य देशांत ती ५१ च्या आसपास. म्हणजे परदेशी लेखांत ‘पन्नाशीत सुरू करा’ असं वाचलं, तर आपल्याकडे ते चाळिशीतच सुरू करायला हवं.

दुसरा भाग बाहेरून येतो: ऊन, तंबाखू, रक्तातली वाढलेली साखर, धूर, बैठं आयुष्य, अपुरी झोप. यावर आपला ताबा आहे आणि बाकीचा लेख त्याबद्दलच आहे.

पहिली पायरी: ऊन अडवा

उन्हातल्या अतिनील किरणांचे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोहोचतात. यूव्हीबी त्वचा भाजतात. यूव्हीए भाजत नाहीत, म्हणून ते लक्षातही येत नाहीत; पण ते आतल्या थरापर्यंत जातात आणि तिथे कोलॅजन कापणारी विकरं जागी करतात. यूव्हीए ढगांतून येतात, खिडकीच्या साध्या काचेतून येतात आणि वर्षभर येतात. गाडीची पुढची काच दोन थरांची असल्याने त्यांना बरीच अडवते, बाजूच्या काचा तेवढ्या अडवत नाहीत.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त असल्याने सुरकुत्या गोऱ्या लोकांपेक्षा उशिरा पडतात. पण मेलॅनिनचीच दुसरी बाजू अशी, की थोडंसं ऊन किंवा थोडासा दाह झाला तरी डाग पडतो. वांग, डोळ्यांखालचा काळेपणा, कपाळाच्या कडेची काळवंडलेली पट्टी ही आपल्याकडे वयाची पहिली खूण असते, सुरकुती नव्हे. शिवाय सावळ्या त्वचेवर साधा दृश्य प्रकाशही डाग गडद करतो. म्हणून वांग असणाऱ्यांनी आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन घ्यावं. पांढऱ्या, पारदर्शक सनस्क्रीनला हा प्रकाश अडवता येत नाही.

सनस्क्रीनने म्हातारपण खरंच लांबतं का? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये नांबोर या गावी ९०३ प्रौढांवर याची रीतसर चाचणी झाली. एका गटाने रोज सनस्क्रीन लावलं, दुसऱ्याने मनाला येईल तेव्हा. साडेचार वर्षांनी रोज लावणाऱ्यांच्या हातावरच्या त्वचेचं वार्धक्य २४ टक्क्यांनी कमी आढळलं. ही चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तेही एसपीएफ १५ च्या साध्या सनस्क्रीनवर (एसपीएफ म्हणजे यूव्हीबी अडवण्याचं माप). फरक पडला तो रोज लावल्यामुळे.

पण सनस्क्रीनच्या आधी कापड. विदर्भ-मराठवाड्यात शेतावर जाणाऱ्या बायका लुगड्यावर किंवा साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात आणि डोक्याला रुमाल बांधतात. पुण्यात दुचाकीवरच्या मुली डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने गुंडाळतात. यांना कुणी हसत असेल तर हसू द्या. उन्हापासून इतकं चांगलं संरक्षण कुठल्याच ट्यूबमधून मिळत नाही. कापड निवडताना ते खिडकीपाशी धरून पाहा. आरपार उजेड दिसला, तर ऊनही आरपार जाईल. घट्ट विणीचं, गडद रंगाचं सुती कापड उत्तम. वेळेचं गणित आणखी सोपं आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान पडत असेल, तेव्हा ऊन कडक आहे असं समजा आणि सावलीतून चाला.

मग सनस्क्रीन. एसपीएफ ३० ते ५० पुरे. ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडवतं आणि ५० साधारण ९८ टक्के, त्यामुळे शंभराच्या आकड्यामागे धावू नका. डब्यावर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ किंवा ‘PA’ (पीए) या अक्षरांपुढे तीन-चार अधिक चिन्हं आहेत का, ते पाहा. ती यूव्हीएसाठी असतात. मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत जेल बरं पडतं, नागपूर-छत्रपती संभाजीनगरकडच्या कोरड्या हवेत क्रीम.

सगळ्यात जास्त चुकतं ते प्रमाण. तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांवर मुळापासून टोकापर्यंत काढलेल्या दोन रेघा, एवढं सनस्क्रीन चेहरा आणि मानेला लागतं. कान, मानेची मागची बाजू आणि पंजे विसरायचे नाहीत. वजनात हे एक ग्रॅमच्या आसपास होतं. म्हणजे दिवसातून एकदाच लावलं तरी ५० ग्रॅमची ट्यूब दीड-दोन महिन्यांत संपली पाहिजे. तुमची ट्यूब दिवाळीपासून होळीपर्यंत पुरत असेल, तर डब्यावरचा आकडा तुमच्या चेहऱ्यावर उतरलेलाच नाही. बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत लावा. म्हणूनच मी म्हणते, परवडेल तेवढ्याच किमतीचं घ्या. महाग ट्यूब जपून वापरली जाते आणि तिथेच उपयोग संपतो.

ड जीवनसत्त्वाची शंका हटकून येते. आपल्याकडे त्याची कमतरता सर्रास आहे, चेहऱ्याला सनस्क्रीन न लावणाऱ्यांतही. हातापायांना थोडा वेळ ऊन मिळू द्या, रक्ततपासणीत कमी आलं तर डॉक्टर गोळ्या देतील. त्यासाठी चेहरा भाजून घेण्याची गरज नाही.

दुसरी पायरी: तोंडात जाणारा तंबाखू आणि धूर

सिगारेट-बिडीच्या धुराने त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, कोलॅजन तुटतं आणि ओठांभोवती उभ्या चिरा पडतात. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. कमी बोललं जातं ते मिश्रीबद्दल. तंबाखू भाजून केलेली ही पूड आपल्या कित्येक घरांत आजी, मावशी, काकू सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना लावतात आणि तिला व्यसन म्हणत नाहीत, दात घासणं म्हणतात. हिरड्या मागे सरकतात, दात लवकर पडतात, गाल आत जातात आणि पन्नाशीतला चेहरा सत्तरीचा दिसतो. तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहेच. सुपारी आणि गुटख्याने तोंडाच्या आतली त्वचा ताठ होत जाते, शेवटी तोंड पुरतं उघडत नाही. तुमच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जात नसतील, तर आजच दंतवैद्याकडे जा.

घरात कुणी मिश्री लावत असेल, तर रागावून काही होणार नाही. सोबत घेऊन दवाखान्यात जा. निकोटीनची सवय सोडवायला औषधं मिळतात, हे बऱ्याच बायकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

तिसरी पायरी: साखर

भाकरी तव्यावर भाजताना खरपूस डाग पडतात, ते प्रथिनं आणि साखर यांच्या संयोगामुळे. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी ही क्रिया १९१२ मध्ये वर्णन केली. शरीराच्या तापमानाला हाच संयोग अगदी संथपणे होत असतो. मधुमेहाची एचबीएवनसी तपासणी तेच मोजते: हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवसांनी बदलतात, म्हणून त्या तपासणीत तीन महिन्यांचा हिशेब दिसतो. त्वचेतलं कोलॅजन मात्र वर्षानुवर्षं तेच राहतं. त्याला चिकटलेली साखर साचत जाते, धागे एकमेकांत अडकतात आणि ताठ होतात. जुन्या, अनियंत्रित मधुमेहात काही जणांना नमस्कार करताना दोन्ही तळवे पूर्ण जुळवता येत नाहीत, खांदा आखडतो. त्यामागे हेच कारण असतं.

तेव्हा चहातली साखर कमी करणं हा त्वचेचाही उपचार आहे. दिवसातून चार चहा, प्रत्येकात दोन चमचे आणि वर बिस्किटं, हे पहिल्यांदा मोडा. गूळ घातला म्हणून सुटका नाही. तिशीनंतर वर्षातून एकदा साखर तपासा, घरात मधुमेह असेल तर नक्कीच.

चौथी पायरी: स्नायू, आणि इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

चेहऱ्याकडे पाहून लोक वय ओळखतात, पण शरीराचं वय कळतं ते जमिनीवरून उठताना. तिशीनंतर दर दहा वर्षांत ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. याला सार्कोपेनिया म्हणतात. माणूस बारीक दिसतो, वजनकाट्यावर फारसा फरक नसतो आणि एक दिवस न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडतं. त्या एका पडण्यानंतर पुन्हा पूर्वीसारखं उभं न राहिलेलं माणूस जवळपास प्रत्येक कुटुंबात आहे.

आपल्या पद्धतीत याची एक सुंदर चाचणी आधीपासून आहे. मांडी घालून जमिनीवर बसा आणि हात, गुडघा कशाचाही आधार न घेता उठा. जमलं तर छान. एक हात टेकावा लागला तर चालेल, पण काम सुरू करा. डायनिंग टेबल आल्यापासून ही रोजची उठबस कित्येक घरांतून गेली. दिवसातून एक जेवण तरी खाली बसून करा; गुडघ्याचा आजार असेल तर मात्र अट्टहास नको. दुसरी चाचणी एका पायावर दहा सेकंद उभं राहण्याची. शेजारी भिंत असू द्या.

‘घरकामातच व्यायाम होतो’ हे मी आमच्या घरातल्या बायकांकडून आयुष्यभर ऐकलं आहे. घरकाम थकवतं, यात शंका नाही. पण स्नायू वाढायला हळूहळू वाढत जाणारं वजन लागतं आणि झाडू-पोछ्याचं वजन वीस वर्षं तेवढंच राहतं. चालण्याने हृदय सुधारतं, ते सोडू नकाच. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चाला. त्याच्या जोडीला आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा.

सुरुवात घरातच करा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. भिंतीला हात लावून दहा वेळा ढकला. जिन्याच्या पायरीवर धरून उभं राहून टाचा वर-खाली करा. पाण्याने भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या घेऊन हात खांद्यापर्यंत आणा. प्रत्येकाची दोन-दोन आवर्तनं. सहज जमायला लागलं की वजन वाढवा: बाटलीच्या जागी धान्याची पिशवी, मग डंबेल. रक्तदाब, हृदयविकार किंवा सांध्यांचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

‘आता या वयात काय’ असं म्हणणाऱ्यांसाठी: १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात सरासरी नव्वद वर्षं वयाच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला गेला. त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

व्यायामाला प्रथिनांची जोड नसेल तर स्नायू बांधला जात नाही. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. साठीनंतर किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम असावं, असं आता बरेच तज्ज्ञ मानतात. आता आपलं ताट पाहा. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी, रात्री भात आणि वाटीभर पातळ वरण. त्या वरणातून जेमतेम चार-पाच ग्रॅम मिळतात. म्हणून वरण घट्ट करा, रोज एका जेवणात मटकी, चवळी, मसूर यांपैकी एखादी उसळ ठेवा, पिठलं करा, दही-ताक घ्या. अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात. मासे खाणाऱ्यांना तर चिंताच नको. सुकट आणि सुके बोंबील हे स्वस्तातलं प्रथिन आहे, फक्त मीठ बेताने. उपासाच्या दिवशी साबुदाण्यातून प्रथिनं जवळजवळ मिळतच नाहीत, तेव्हा दाण्याचं कूट, राजगिरा आणि दूध-दही वाढवा. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी हे प्रमाण स्वतःच्या मनाने वाढवू नये.

झोपेबद्दल थोडक्यात: सात तास, ठरलेल्या वेळी. फोन दुसऱ्या खोलीत.

पाचवी पायरी: आता क्रीम

साबण बहुतेक अल्कधर्मी असतात आणि त्वचा किंचित आम्लधर्मी, म्हणून चेहऱ्याला सौम्य फेसवॉश वापरा, दिवसातून दोनदा पुरे. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेल लावा. हातापायांना आणि टाचांना खोबरेल उत्तम. चेहऱ्यावर मुरुमं येत असतील तर तिथे नको.

सुरकुत्यांवर सगळ्यात जास्त अभ्यासलेलं औषध ट्रेटिनॉइन आहे. आधी ते मुरुमांसाठीच वापरलं जायचं. उन्हाने खराब झालेली त्वचाही त्याने सुधारते, हे आल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडलं. दुकानात मिळणारं रेटिनॉल त्याच कुळातलं, पण सौम्य. सुरू करताना आठवड्यातून दोन रात्री, वाटाण्याएवढं, वर मॉइश्चरायझर. त्वचा सरावली की रात्री वाढवा. तीन महिन्यांच्या आत निकालाची अपेक्षा नको. आपल्या त्वचेवर घाई केली तर जळजळ होते आणि जळजळीतून नवे डाग पडतात. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल, तर या कुळातलं काहीही वापरू नका.

हळद-बेसन-दही चालेल, लिंबू नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर फोड आणि काळे चट्टे येऊ शकतात.

यापासून लांब राहा

औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेलं ‘गोरं करणारं’ मलम ही आपल्याकडची सगळ्यात मोठी हानी आहे आणि याबद्दल मला मनापासून चीड येते. नळीवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलेलं असेल तर ते स्टिरॉइड आहे. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, लव वाढते, मुरुमं येतात आणि मलम थांबवलं की चेहरा आग आग होतो. म्हणजे तरुण दिसण्यासाठी लावलेल्या मलमाने त्वचा लवकर म्हातारी होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइडं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकली, तरी ती सहज मिळतात. महिनोन्महिने लावत असाल तर एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

पार्लरमधून बिननावाच्या डबीत मिळणाऱ्या क्रीममध्ये पारा असू शकतो. अशा क्रीममुळे मूत्रपिंडाला इजा झालेले रुग्ण केरळात आणि महाराष्ट्रातही सापडले आहेत. उत्पादकाचं नाव, घटक आणि तारीख नसलेलं काहीही चेहऱ्याला लावू नका. रंग उजळण्यासाठी शिरेतून घ्यायची ग्लुटाथिऑनची इंजेक्शनं त्याच रांगेतली. कोलॅजनची पावडर घातक नाही, पण तिच्या किमतीत महिनाभराची अंडी आणि डाळ येते.

वय म्हणून सोडून देऊ नये असं

मान, काख किंवा कोपर मखमलीसारखं जाड आणि काळं होत असेल, तर तो मळ नसतो. घासून निघणार नाही. बहुतेकदा ती इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. साखर तपासा, विशेषतः घरातल्या मुलांची अशी मान दिसली तर. त्वचा अचानक कोरडी, केस गळणं आणि थकवा एकत्र आले तर थायरॉइड तपासा. तीळ आकार, रंग बदलत असेल, त्यातून रक्त येत असेल, किंवा तळपायावर, नखाखाली नवा काळा डाग दिसला, तर वाट पाहू नका. सावळ्या त्वचेत घातक तीळ याच जागी जास्त आढळतो. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत आणि अंगावरची महिन्याभरात भरली नाही, तर डॉक्टरांना दाखवा.